उसण कुठल्याच वहीत नसते

मराठवाड्यात अंगदुखीला शब्दांची वाण नाही. उसण भरते, कंबर धरते, मान आखडते, खांदा जखडतो, पाठीत चमक निघते, बोटांना मुंग्या येतात. दुखणं नेमकं कुठं आणि कसं आहे, हे एकेका शब्दात सांगता येतं. ज्यांनी ते पिढ्यान्पिढ्या भोगलं, त्यांनीच हे शब्द घडवले. पण कारखान्याचा हजेरीपट उघडा, अपघाताची नोंदवही उघडा, यातला एक शब्द सापडायचा नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत कामामुळे जडणारे २९ आजार दिले होते. शिशाची विषबाधा होती, सिलिकोसिस होता, गोंगाटानं येणारा बहिरेपणा होता. कंबर त्यात नव्हती.

सोलापूरहून बीडकडे जाताना येडशी, येरमाळा मागं पडलं की धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातलं तेरखेडा लागतं. फटाक्यांचं गाव ही त्याची ओळख. दिवाळी जवळ आली की महामार्गालगतच्या दुकानांपुढं गाड्या उभ्या राहतात. इथल्या कामाचा धोका काय, असं कुणालाही विचारा, उत्तर एकच येईल : स्फोट. ते खरंच आहे. या परिसरानं अशा दुर्घटना पाहिल्या आहेत. म्हणूनच स्फोटक नियम, २००८ आहेत, नागपुरात मुख्यालय असलेली ‘पेसो’ ही केंद्राची यंत्रणा आहे. एका शेडमध्ये माणसं किती, दारू किती, ठिणगी पडणार नाही अशी अवजारं कोणती, हे सगळं ठरलेलं आहे.

मात्र या मोठ्या भीतीच्या सावलीत एक छोटी इजा रोज घडत राहते. तिचा आवाज होत नाही, पंचनामा होत नाही, भरपाई तर नाहीच. कामाच्या जागी स्नायू, सांधे आणि मणक्यांची होणारी ही झीज टाळता येते. त्यासाठी फार पैसाही लागत नाही. लागते ती एक सवय : दुखणं सांगायची आणि सांगितलेलं ऐकून घ्यायची.

हलक्या कामाचा भार

फटाका हातानं तयार होतो तेव्हा काय काय करावं लागतं? कागदाच्या नळ्या वळायच्या, तळ माती ठोकून बंद करायचा, दारू भरायची, वात बसवायची, बॉम्बवर सुतळी आवळायची, लड गुंफायची, कागद चिकटवायचा, खोकी भरायची. यातला एकेक नग उचलायला लहान मूलही पुरे. मग यात दुखण्यासारखं काय आहे?

उत्तर वजनात नाही, आसनात आहे. जमिनीवर बसून पुढं वाकलेल्या माणसाच्या पाठीचे स्नायू तासन्‌तास ताणलेले राहतात. स्नायू आकसतो आणि सैल पडतो तेव्हा त्यातून रक्त खेळतं. तो नुसताच आवळलेला राहिला तर आतल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात, प्राणवायू कमी पोचतो, थकवा साचत जातो. दोन मणक्यांमधल्या गादीचं दुखणं आणखी वेगळं. मोठ्या माणसाच्या या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच. हालचालीत ती दबते आणि फुलते, त्यातूनच तिचं पोषण होतं. एकाच जागी बसून राहिलं की तिची उपासमार होते. मनगटाची तऱ्हा तिसरी. सुतळी आवळताना तोच पीळ दिवसभरात असंख्य वेळा पडतो. बोटांकडं जाणाऱ्या कंडरा आणि नस एका अरुंद वाटेनं जातात. तिथं सूज आली की नस दबते आणि रात्री मुंग्यांनी झोप मोडते.

वजन उचलण्याचं गणित पहारीच्या उलट आहे. पहारीचा लांब दांडा आपल्या हातात असतो, म्हणून थोड्या जोरात मोठा दगड हलतो. पाठीच्या वाट्याला मात्र आखूड दांडा येतो. पाठीचे स्नायू मणक्यापासून साधारण पाच सेंटिमीटरवर काम करतात. दहा किलोचं खोकं अंगापासून पन्नास सेंटिमीटर लांब धरलं, तर ते तोलायला या स्नायूंना जवळपास शंभर किलोचा ताण द्यावा लागतो. वाकलेल्या धडाचं वजन त्यात अजून धरलेलंच नाही. तेच खोकं पोटाशी घेतलं की ताण कितीतरी उतरतो. म्हणून वजन किती, याच्याइतकंच ते अंगापासून किती लांब आहे हेही विचारायला हवं.

हा त्रास एकट्या तेरखेड्याचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार हाडं, सांधे आणि स्नायूंच्या दुखण्यांनी जगात सुमारे १७१ कोटी माणसं त्रस्त आहेत. त्यातल्या कंबरदुखीनं २०२० साली सुमारे ६२ कोटी माणसांना गाठलं होतं.

चुंबळीचं शास्त्र

माणसाला कामाच्या साच्यात कोंबायचं नाही, काम माणसाच्या मापाचं करायचं, या शास्त्राला एर्गोनॉमिक्स म्हणतात. शब्द ग्रीक मुळांचा. पोलंडच्या यास्त्शेंबोव्स्की या अभ्यासकानं तो १८५७ मध्ये वापरला. त्याच्या दीडशे वर्षं आधी, १७०० साली, रामाझिनी या इटालियन वैद्यानं कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला तुझा धंदा काय हे विचारलंच पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. दिवसभर बसून लिहिणाऱ्या कारकुनांचे हात का जड पडतात, हेही त्यानं नोंदवलं होतं.

नाव परकं असलं तरी ही अक्कल आपल्याकडं होतीच. डोक्यावरच्या घागरीखाली बाई चुंबळ ठेवते, ती भार एका बिंदूवर पडू नये म्हणून. कावड ओझ्याचे दोन सारखे वाटे करते. पेढीवरचा मुनीम गादीवर बसे, पण त्याच्यापुढचं मेज उतरतं असे, त्यामुळं मान कमी वाके. जात्यावर समोरासमोर दोघी बसल्या की खुंट्याचा जोर वाटला जाई. वापरणाऱ्याच्या अंगानं हे सगळं घडवलं होतं. काम नगावर आणि मुकादमाच्या घड्याळावर गेलं, तेव्हा अवजाराला अंग विचारायचं राहून गेलं.

काही ठिकाणी ही चौकशी पुन्हा सुरू झाली. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा दातेरी ‘वैभव’ विळा घ्या. झटका देऊन तोडण्याऐवजी ओढून कापायचं असल्यानं मनगटाला कमी कष्ट पडतात. परभणीच्या कृषी विद्यापीठानं शेतकरी बायकांचे कष्ट मोजून ते हलके करणारी साधनं सुचवली. दोन्हीकडं सुरुवात एकाच प्रश्नानं झाली : हे काम करताना दुखतं कुठं?

दुसरी वाशी

एक वाशी तेरखेड्याच्या तालुक्याची, दुसरी नवी मुंबईतली. त्या दुसऱ्या वाशीच्या बाजार समितीत या प्रश्नावरची मोठी लढाई झालेली आहे. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेणं ही एकेकाळी हमालाची मर्दुमकी समजली जाई. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली माथाडी संघटित झाले, पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रानं माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. पुढं पोत्याचं वजन हा मागणीचा विषय झाला. साखरेचं शंभर किलोचं पोतं पन्नासावर आलं. कांदा-बटाट्याच्या पन्नास किलोंहून जड गोण्या उचलणार नाही, अशी भूमिका वाशीतल्या माथाडींनी घेतली.

पन्नास किलो हाही काही आदर्श आकडा नाही. वजन अंगाजवळ, उंची सोयीची, पीळ नाही, उचलणं क्वचितच, अशी सगळी अनुकूलता असतानाही अमेरिकेतल्या ‘नायोश’ या संस्थेचं सूत्र २३ किलोंपासून सुरू होतं आणि परिस्थिती बिघडेल तसं खाली येतं. तरीही माथाडींच्या लढ्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. हमालाला नुसतं ‘नीट वाक’ असं शिकवून भागलं नसतं. पोतं लहान झालं तेव्हा पाठ वाचली.

नुसतं शिकवून भागत नाही

सुरक्षा सप्ताहात एक फलक लागतो : ‘कमरेत वाकू नका, गुडघ्यात वाका.’ तासभर व्याख्यान होतं, चहा होतो. सल्ला चुकीचा नाही, पण वजन उचलण्याच्या प्रशिक्षणावरच्या अभ्यासांचा ‘कॉक्रेन’ या संशोधन तपासणाऱ्या संस्थेचा २०११ चा आढावा सांगतो की, नुसत्या अशा शिकवण्यानं पाठदुखी टळत असल्याचं दिसलं नाही. कारण उघड आहे. नगावर मजुरी असेल तर पाच मिनिटांचा विसावा म्हणजे तेवढे पैसे गेले. खोकं जमिनीवरच ठेवलेलं असेल तर वाकण्यावाचून गत्यंतर नाही. ज्याला पाठ जपायला सांगितलं त्याच्या हातात काहीच नाही, आणि ज्याच्या हातात आहे तो व्याख्यानाला बसलेला नाही.

दुसरी अडचण आपल्या कौतुकात आहे. ‘हाडाची काडं केली’ हे आपण आदरानं म्हणतो. जो कण्हत नाही तो कामाचा गडी, जी बोलत नाही ती सोशिक. त्यामुळं पाठ पहिल्यांदा आखडते तेव्हा बाई बाम चोळते, वीट तापवून शेकते आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी जाऊन बसते. त्या पहिल्या आठवड्यात जागा बदलली, दोन दिवस दुसरं काम दिलं, तर बहुतेक दुखणी आटोक्यात येतात. वर्षभर सोसलं की तीच जुनाट होतात.

या भागात तर एकच अंग वर्षभर वेगवेगळ्या कामांना जुंपलेलं असतं. सोयाबीन काढताना उकिडवं बसणं, भूम-वाशीकडच्या खव्याच्या भट्टीवर कढईतलं दूध तासन्‌तास हलवणं, ऊसतोडीला गेलं की डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढणं. मालक बदलतात, पाठ तीच राहते.

शेडमध्ये काय करता येईल

फटाक्यांच्या शेडमध्ये कुठलीही सोय दोन कसोट्यांना उतरली पाहिजे : अंगाला सोसणारी आणि ठिणगी न पाडणारी. लोखंडी खुर्ची चालणार नाही. प्लास्टिक आणि नायलॉनवर घर्षणानं वीज साचते, तेही नको. पण सुतारानं लाकडी खुंट्यांवर जोडलेला, वीतभर उंचीचा, सुती गादीचा पाट चालू शकेल. बूड गुडघ्यांच्या पातळीकडं थोडं उचललं तरी कमरेचा बाक कमी होतो. नळ्या वळायला, कागद चिकटवायला मुनिमाच्या मेजासारखी उतरती फळी घेतली तर मान खाली घालावी लागणार नाही. दारूजवळच्या कामात काहीही बदलण्याआधी कारखाने निरीक्षकांना आणि पेसोला विचारायला हवं. नळ्या, कागद आणि खोकी ही कामं दारूपासून दूर होत असतील, तर तिथून आजच सुरुवात करता येईल.

पैसे न लागणारी कामं तर पुष्कळ आहेत. वळणारी, चिकटवणारी आणि भरणारी यांनी ठरावीक वेळानं कामं आपसांत बदलावीत, मात्र दारूच्या कामाला तिथं शिकलेलीच बाई असावी. तासागणिक दोन-तीन मिनिटं उठून उभं राहावं, खांदे मागं न्यावेत, पाणी प्यावं. त्या मिनिटांची मजुरी कापू नये. भरलेली खोकी जमिनीऐवजी मांडीच्या उंचीच्या लाकडी मंचावर ठेवावीत, जड खोकं दोघींनी धरावं. थकलेला हात थरथरतो, त्यातून वस्तू पडते, घाई होते. म्हणून पाठ जपण्याचा हा खर्च स्फोट टाळण्याच्याच खात्यात धरायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र घरच्या उपायांवर सोडू नये. पायात बधिरपणा किंवा लुळेपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर शेक आणि चोळणं थांबवून त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठावं. आणि डॉक्टरांनी तीनशे वर्षांपूर्वीचा रामाझिनीचा प्रश्न विचारावा : तुम्ही काम काय करता, आणि कसं बसून करता?

मालकांना आणि मुकादमांना शेवटी एवढंच सांगणं आहे. दिवाळीचा माल सुरू होण्याआधी हजेरीच्या वहीत एक रकाना वाढवा. त्यात लिहा, ‘आज काय दुखतंय?’ उत्तर ज्याचं त्याच्या शब्दात येऊ द्या : उसण भरली, मान आखडली, मुंग्या येतात. तेच शब्द तीन आठवडे त्याच जागेपुढं दिसले, तर बाई बदलू नका, जागा बदला.