छायाचित्रांच्या मेटाडेटातील देवनागरी मजकूर: बिघाडाचे निदान

छायाचित्राच्या फाइलमध्ये प्रतिमेबरोबर तिच्याविषयीचा मजकूरही साठविता येतो. त्यास मेटाडेटा म्हणतात. जुन्या संग्रहातील व्यक्तींची व स्थळांची नावे पुष्कळदा याखेरीज अन्यत्र नोंदलेली नसतात. डेस्कटॉप संगणकावरील प्रोग्रामात अशा मराठी नावाच्या जागी माथ्यावर तिरपी रेघ असलेल्या रोमन 'ए'ची रांग दिसू लागली, तर दोष दाखविण्यात आहे की साठविण्यात, हा प्रश्न प्रथम सोडविला पाहिजे.

युटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. 'पुणे' या शब्दात प, उकार, ण व एकार अशी चार चिन्हे, म्हणजे बारा बाइट होतात. त्यांपैकी 'प'चे बाइट २२४, १६४ व १७० हे होत. पश्चिम युरोपीय संकेतपद्धतीत मात्र प्रत्येक बाइट हे स्वतंत्र चिन्ह असून, २२४ म्हणजे उपरोक्त 'ए' होय. आयपीटीसीच्या जुन्या मांडणीत संकेतपद्धती सांगण्यासाठी १:९० हा रकाना आहे. तेथे २७, ३७, ७१ हे बाइट असल्यास मजकूर युटीएफ-८ मधील समजावा. हा रकाना रिकामा असला, अथवा प्रोग्रामने तो वाचलाच नाही, की घोटाळा होतो. अ‍ॅडोबीने २००१ मध्ये आणलेल्या एक्सएमपी मांडणीत मजकूर युनिकोडमध्येच असावा लागतो. म्हणून तेथे तेच नाव शुद्ध दिसू शकते.

निदानासाठी मजकुराचे अक्षरांत रूपांतर होण्यापूर्वीच त्याचे बाइट अंकरूपाने छापून पाहावेत. तीन प्रकार संभवतात. २२४, १६४ असा क्रम आढळल्यास साठवण निर्दोष असून केवळ वाचन चुकले आहे. १९५, १६०, १९४, १६४ असा क्रम आढळल्यास मजकुराचे दोनदा संकेतन झाले आहे. उलट क्रिया करून तो बहुधा परत मिळतो. सर्वत्र ६३, म्हणजे प्रश्नचिन्हच, आढळल्यास मूळ मजकूर लिहितानाच नष्ट झाला आहे. वाचनाच्या कोडमध्ये कितीही फेरफार केले तरी तो परत येणार नाही.

पहिल्या प्रकारात उपाय सोपा आहे. संकेतपद्धतीचा उल्लेख नसेल तेथे मजकूर प्रथम युटीएफ-८ च्या काटेकोर नियमांनी वाचावा आणि तो त्यांत बसत नसेल तरच अन्य पद्धतीकडे वळावे. छायाचित्रकाराच्या नावासाठी आयपीटीसीने ३२ बाइटांची मर्यादा घातली आहे. तीत देवनागरीची दहाच चिन्हे पूर्ण मावतात. अकरावे मध्येच तुटू शकते. केवळ शेवटचे चिन्ह तुटले म्हणून सर्व मजकूर त्याज्य ठरवू नये.

मात्र निदान होईपर्यंत ती फाइल त्या प्रोग्रामातून पुन्हा साठवू नये. पडद्यावरील चूक कोड सुधारून केव्हाही दुरुस्त करता येते. तीच चूक फाइलमध्ये लिहिली गेली, तर छायाचित्रातील माणसे कायमची निनावी होण्याचा संभव असतो.