निमंत्रण एकाला, पंगत सर्वांची

अमेरिकेतील नागरी वस्त्यांतून घरामागच्या अंगणात लाल रंगाची एक कुपी टांगलेली ठिकठिकाणी आढळते. तीत एक भाग साखर व चार भाग पाणी असे मिश्रण असते. हा सारा थाट हमिंगबर्ड या चिमुकल्या पक्ष्यासाठी. हा पक्षी फक्त अमेरिकेच्या दोन खंडांत व लगतच्या बेटांवर आढळतो; आपल्याकडील शिंजिराला हमिंगबर्ड म्हणण्याची चूक होते ती केवळ रूपसाम्यामुळे. हवेत एका जागी स्थिर राहून फुलातील मध टिपणाऱ्या या पाहुण्याची यजमान मोठ्या कौतुकाने वाट पाहत असतो. पण कुपीवर येणारा पाहुणा नेहमी तोच असतो असे नाही.

सुतार पक्षी येतो आणि आपली लांब जीभ छिद्रात घालून साखरपाणी फस्त करतो. नारिंगी रंगाचा ओरिओल येतो. नावावरून तो आपल्या हळद्याचा भाऊबंद वाटला, तरी त्याचे कुळ निराळे. हाउस फिंच हे चिमणीएवढे पक्षी तर थव्याने बसतात. ॲरिझोना राज्यातील टूसॉन परिसरात उन्हाळ्याच्या अखेरीस संध्याकाळी भरलेली कुपी सकाळी रिकामी आढळते, कारण रात्री वटवाघळे येऊन गेलेली असतात. मग आयत्या बिळावर नागोबा आला म्हणून यजमान त्रासतो आणि बसण्याच्या दांड्या नसलेली कुपी शोधू लागतो.

एका गटासाठी ठेवलेला लाभ दुसऱ्याच्या पदरी पडला, की अर्थव्यवहारात त्याला गळती म्हणतात. परंतु गळतीचा ठपका ठेवण्यापूर्वी त्या लाभावर मूळ हक्क कोणाचा, हे तपासणे प्राप्त असते. तसे तपासले, तर येथे चित्र पालटते.

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात सॅपसकर नावाचा सुतार पक्षी आहे. तो झाडाच्या सालीत ओळीने छिद्रे पाडतो व त्यांतून झिरपणारा गोड रस पितो. लालकंठी हमिंगबर्ड वसंतात उत्तरेकडे पोहोचतो, तेव्हा तेथे फुले पुरेशी उमललेली नसतात. अशा टंचाईच्या दिवसांत तो या छिद्रांतील रसावर आणि त्या रसाला भुलून आलेल्या किड्यांवर गुजराण करतो. म्हणजे कष्ट सुताराचे आणि वाटेकरी हमिंगबर्ड! अंगणात ज्याला मानाचे पान मिळते, तो रानात स्वतःच बिनबोलावलेला पाहुणा असतो. तेव्हा कुपीवर बसलेल्या सुताराला चोर कोणत्या तोंडाने म्हणावे?

वटवाघळांची कथा याहून उद्बोधक आहे. मेक्सिकोतून उत्तरेकडे येणारे लांब नाकाचे एक वटवाघूळ सग्वारो निवडुंग व घायपात यांच्या फुलांतील मधावर जगते आणि त्या फुलांचे परागीभवनही करते. १९८८ मध्ये अमेरिकेने त्याची नोंद संकटग्रस्त प्राण्यांत केली, तेव्हा ज्ञात असलेल्या १४ वसतिस्थानांत मिळून त्यांची संख्या एक हजाराहूनही कमी मानली जात होती. पुढे ७५ वसतिस्थानांत सुमारे दोन लाखांचा अंदाज आला व २०१८ मध्ये ते त्या यादीतून वगळण्यात आले. या काळात दक्षिण ॲरिझोनातील काही नागरिकांनी कुपी रिकामी झाल्याची तक्रार न करता, ती कोणत्या रात्री रिकामी झाली याची वर्षानुवर्षे नोंद ठेवली. त्या नोंदींमुळे शास्त्रज्ञांना या वटवाघळांच्या स्थलांतराचा काळ अधिक नेमकेपणाने कळला. साखरेच्या हिशेबात जी तूट होती, ती ज्ञानाच्या हिशेबात जमा झाली.

याचा अर्थ गर्दी नेहमीच निरुपद्रवी असते, असा नव्हे. हाउस फिंच हा मूळचा पश्चिमेकडचा पक्षी. पिंजऱ्यात घालून त्याची बेकायदा विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांनी १९४० च्या सुमारास न्यूयॉर्क परिसरात त्याला मोकळे सोडले, आणि पुढे तो सर्व पूर्व भागात पसरला. १९९४ मध्ये या पूर्वेकडच्या थव्यांत डोळ्यांचा संसर्गजन्य रोग आढळून आला. जेथे मनुष्य पक्ष्यांना खाणे घालतो व पुष्कळ पक्षी एकाच पात्रावर दाटीने येतात, तेथे अशा रोगाला वाव मिळतो. साखरपाणीही उन्हात लवकर आंबते. तेव्हा कुपी वरचेवर धुणे, पाणी बदलणे, त्यात रंग न घालणे आणि आजारी पक्षी दिसताच काही काळ ती उतरवून ठेवणे, ही यजमानाची खरी कर्तव्ये होत. कोण आला यापेक्षा आपण काय व कसे वाढले, याचा जाब त्याला अधिक द्यावा लागेल.

माघ-फाल्गुनात आपल्याकडे काटेसावर फुलते, तेव्हा तिच्या लाल फुलांवर साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, कावळे, भोरड्या अशी सर्वांचीच झुंबड उडते. शिंजीरही त्याच पंगतीत असतो. ते झाड कोणाची पात्रता तपासत नाही, आणि येणाऱ्यांच्या अंगाला लागलेल्या परागांतूनच त्याचे कार्य साधते. मनुष्याने टांगलेली कुपी हे त्या फुलाचे अनुकरण आहे. अनुकरण करावयाचे, तर ते केवळ लाल रंगाचे करून कसे भागेल?