‘फक्त कीटकनाशकासाठी वापरलेला’ पंप

गेल्या जूनमध्ये परिचयातील एका कापूस उत्पादकाने ऑनलाइन लिलावात बोली लावून बॅटरीवर चालणारा जुना फवारणी पंप घेतला. वर्णन होते : ‘एक हंगाम, फक्त कीटकनाशकासाठी वापरलेला. बॅटरी नवी.’ पंप घरी आला, टाकीचे झाकण उघडले आणि फिनाइलसारखा उग्र दर्प आला. ‘चांगला धुऊन उद्या फवारायला घेऊ का?’ असे त्यांनी दूरध्वनीवर विचारले. मी त्यांना थांबवले.

कारण २,४-डी. या तणनाशकाला कापूस अतिशय संवेदनशील आहे. टाकीत, गाळणीत, विशेषतः रबरी नळीत मुरलेला अत्यल्प अंशही झाडाला पुरतो. देठ वाकतात, नवी पाने अरुंद होऊन भेंडीच्या पानांसारखी दिसू लागतात. अनेकदा हा विषाणूचा किंवा रसशोषक किडींचा प्रादुर्भाव समजून आणखी कीटकनाशक फवारले जाते. कीटकशास्त्रज्ञ म्हणून हा विनाकारण खर्च पाहताना मला नेहमीच हळहळ वाटते.

दर्प हा पुरावा नव्हे, म्हणून चाचणी घेतली. पंपात स्वच्छ पाणी भरून रात्रभर ठेवले आणि दुसऱ्या दिवशी ते कुंडीतील कापसाच्या चार रोपांवर फवारले. शेजारच्या चार रोपांवर दुसऱ्या, खात्रीच्या पंपाने साधे पाणी दिले. दोन दिवसांत पहिल्या चार रोपांचे देठ वळले, आठवड्यानंतर आलेले पान अरुंद होते. रोजच्या छायाचित्रात तारखेची चिठ्ठी ठेवली. चिठ्ठीविना नमुना निरुपयोगी, ही आमच्या प्रयोगशाळेतली सवय इथे उपयोगी पडली. बॅटरीची परीक्षाही पाण्यावरच झाली. तिसऱ्या टाकीला ती थकली.

या साऱ्याआधी एक काम मात्र पहिल्याच दिवशी उरकले होते. लिलावाच्या पानाची चित्रे जतन करून ‘माल वर्णनाप्रमाणे नाही, मी तो स्वीकारत नाही’ असे विक्रेत्याला लेखी कळवले. मालविक्री अधिनियम, १९३० नुसार वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे, आणि खरेदीदाराला तो तपासण्याची वाजवी संधी असते. मात्र तोच पंप शेतात वापरू लागल्यास किंवा काही न कळवता ठेवून घेतल्यास माल स्वीकारला असे धरले जाऊ शकते.

विक्रेत्याने ‘जसे आहे तसे’ या ओळीकडे बोट दाखवले. माझ्या मते ही ओळ जुनेपणाची झीज झाकते, खोटे वर्णन नव्हे. शिवाय तो नियमित जुनी अवजारे विकणारा व्यापारी होता. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे जाहिरातीतील गुणधर्म नसलेला माल परत घेण्यास किंवा पैसे देण्यास अशा विक्रेत्याला नकार देता येत नाही. संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावी आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढावी, हेही त्यातच आहे. विक्रेता एखादा शेतकरी असता आणि घरचा एकच पंप विकत असता, तर हे नियम लागू झाले नसते. तेव्हा १९३० च्या कायद्याचाच आधार.

तिथेही दाद लागली नसती, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन होती, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वतः राबून शेती करणाऱ्याची अशी खरेदी व्यापारी हेतूची मानली जात नाही.

आयोगापर्यंत जावे लागले नाही. छायाचित्रे पाठवल्यावर तिसऱ्या आठवड्यात किंमत परत आली. वाहतुकीचा खर्च मात्र आला नाही. नाकारलेला माल स्वतः परत पोचवण्याचे बंधन, वेगळे ठरले नसेल तर, खरेदीदारावर नसते. तो नेण्यास विक्रेत्याचा माणूस येईपर्यंत पंप गोठ्याच्या खुंटीला टांगलेला होता, ‘यात तणनाशक होते, कापसावर वापरू नये’ अशी चिठ्ठी बांधून.