काचेवरची न दिसणारी चांदी

कॅनडातल्या विनिपेग शहरात जानेवारीच्या रात्री पारा उणे 20 च्या खाली उतरला, तर त्याची बातमी होत नाही. अशा रात्री एकेरी काचेच्या जुन्या खिडकीशेजारी बसलं, की खोलीत 20 अंश तापमान असूनही अंगावर शिरशिरी येते. फटी नीट बुजवलेल्या असल्या तरी येते. थंडी काचेतून आत शिरते आहे असं वाटतं, पण प्रत्यक्षात प्रवास उलटा चाललेला असतो. आपलं शरीर सतत प्रकाशत असतं. हा प्रकाश अवरक्त, डोळ्यांना न दिसणारा. भिंती, खुर्ची, पांघरूण हे सगळंच असं प्रकाशतं, म्हणून भिंतीला आपण जे देतो ते जवळपास तेवढंच परत मिळतं. गारठलेली काच मात्र घेते पुष्कळ आणि देते फार कमी.

ती किती गारठलेली असते? बाहेर उणे 20 आणि आत 20 अंश असताना एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग उणे 10 अंशांच्या आसपास असतो. खोलीतली वाफ तिच्यावर गोठते आणि आतल्या बाजूनं बर्फाची नक्षी उमटते. दर चौरस मीटर काचेतून सुमारे 230 वॅट ऊब निघून जाते. उत्तम प्रतीच्या तिहेरी काचेतून त्याच रात्री जेमतेम 30 वॅट जातात, आणि तिचा आतला पृष्ठभाग 16 अंशांजवळ राहतो. बाहेरचा रस्ता दोन्हींतून दिसतोच!

नुसत्या काचा वाढवून एवढा फरक पडत नाही. दोन साध्या काचांमध्ये हवा कोंडली, तरी त्या पोकळीतून जाणाऱ्या उष्णतेचा अर्ध्याहून अधिक भाग प्रारणानं, म्हणजे त्या अदृश्य प्रकाशाच्या रूपानं जातो. त्याला हवेची अडकाठी नसते. अडवते ती काचेवर लेप म्हणून दिलेली चांदी. 1973 च्या तेलसंकटानंतर कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत स्टीफन सेलकोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या लेपांवर नेटानं काम केलं, आणि 1980 च्या दशकात असा लेप दिलेली लो-ई, म्हणजे कमी प्रारण टाकणारी काच घरोघरी पोहोचू लागली. हा चांदीचा थर साधारण 10 नॅनोमीटर जाड, केसाच्या जाडीचा काही हजारावा भाग. साधी काच आपल्या तापमानाला जेवढं प्रारण शक्य असतं त्याच्या 84 टक्के बाहेर टाकते. लेप दिलेला पृष्ठभाग टाकतो अवघे तीन-चार टक्के. थर्मासच्या आतली चकचकीत भिंत हेच काम करते, पण तिच्यातून पलीकडचं दिसत नाही. इथे दिसतं, कारण सूर्यप्रकाशाची तरंगलांबी जवळपास सगळी 2.5 मायक्रोमीटरच्या आत असते, तर खोलीतल्या उबेची 10 च्या आसपास. चांदीचा इतका पातळ थर या दोघांना वेगळं ओळखतो, हे मला आजही अद्भुत वाटतं.

हा लेप पाहता येत नाही, पण पकडता येतो. रात्री काचेजवळ लायटरची ज्योत धरावी. दुहेरी काचेत चार प्रतिबिंबं दिसतात, दर पृष्ठभागाचं एक. त्यातल्या एकाचा रंग वेगळा असेल, तर लेप त्याच पृष्ठभागावर आहे.

काचांमधल्या पोकळीत आरगॉन भरतात. आपण श्वासात घेतो त्या हवेत तो जवळपास एक टक्का असतोच. उष्णता वाहून नेण्यात तो हवेपेक्षा तिसऱ्या हिश्शानं मंद. पोकळी 12 ते 16 मिलिमीटरची ठेवतात. त्याहून रुंद केली, तर आतला वायूच फिरू लागतो आणि ऊब पलीकडे पोहोचवतो.

विक्रेते अनेकदा घरभर एकाच प्रकारची काच सुचवतात. मला ते पटत नाही. विनिपेग 50 अंश अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 17 अंश वर येतो आणि किरण दक्षिणेच्या खिडकीतून थेट आत येतात. उन्हापासून घर वाचवण्याची सवय असलेल्या आपल्याला हे उलटं वाटेल, पण तिथे हे फुकटचं ऊन घरात घ्यायचं असतं. सौर उष्णतेचा अंक, लेबलावरचा एसएचजीसी, दक्षिणेला जास्त हवा. चांदीचे दोन-तीन थर दिलेली काच ऊनही अडवते, म्हणून ती उन्हाळी दुपार तापवणाऱ्या पश्चिमेला द्यावी. उत्तरेला फक्त यू-फॅक्टर, म्हणजे खिडकीतून किती ऊब निघून जाते तो अंक बघावा, जितका कमी तितका चांगला.

तो बघताना दोन गोष्टी तपासाव्यात. अंक पूर्ण खिडकीचा आहे की फक्त काचेच्या मध्यभागाचा? चौकटीतून आणि कडांवरून जास्त ऊब जाते, त्यामुळे मध्यभागाचा अंक नेहमी देखणा दिसतो. आणि एकक कोणतं? कॅनडात 2020 पासून ऊर्जाबचतीचं एनर्जी स्टार प्रमाणपत्र मिळवण्याचा एक मार्ग म्हणजे मेट्रिक एककात 1.22 किंवा त्याहून कमी यू-फॅक्टर. अमेरिकी एककात हाच अंक 0.21 होतो.

चौकट लाकडाची, फायबरग्लासची किंवा चांगल्या पीव्हीसीची चालते. आतून बाहेरपर्यंत सलग ॲल्युमिनियमची नको. सरकत्या खिडकीपेक्षा दाबून बंद होणारी झडप वारा चांगला अडवते.

नवी खिडकी बसल्यावर एखाद्या पहाटे काचेवर बाहेरून दव दिसेल. तो दोष नाही. घरातली ऊब बाहेरच्या काचेपर्यंत पोहोचतच नाही, म्हणून निरभ्र आकाशाखाली ती हवेपेक्षाही गार होते. पाणी दोन काचांच्या मधे दिसलं, तर मात्र सील फुटलं आहे.

सगळ्यात कमी बोललं जातं ते बसवण्याबद्दल. जुन्या चौकटीतच नवी खिडकी बसवणं स्वस्त पडतं, पण जुनी चौकट आणि भिंत यांमधली फट तशीच राहते. चौकट कुजलेली असेल किंवा तिच्या कडेनं वारा लागत असेल, तर ती पूर्ण काढावी, कमी फुगणाऱ्या फोमनं ती फट भरून घ्यावी, आणि वरून पट्ट्या ठोकण्याआधी ते काम स्वतः बघावं.