1280चा घन

हैदराबादच्या गौलीगुड्यात कमानदार पत्र्याचा एक अवाढव्य हँगर होता. मिसिसिपी हँगर म्हणत त्याला. मूळचा निजामाच्या विमानांसाठीचा. 1932 साली निजाम स्टेट रेल्वेने 27 बस आणि 166 कर्मचारी घेऊन प्रवासी वाहतूक सुरू केली, आणि पुढे कित्येक दशकं हाच हँगर शहराचा बसस्टँड राहिला. हिशेबापुरती बसमागे 30 माणसं धरू. सगळ्या बस गच्च भरल्या तरी 810. कर्मचारी मिळवले की 976.

5 जुलै 2018 रोजी हँगर कोसळला. आधीच रिकामा केलेला होता, म्हणून जीव वाचले. त्या महिन्यात जीव गेले ते दुसरीकडे. 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. 13 जुलैला बिदर जिल्ह्यातल्या मुरकीत व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरलेल्या तशाच अफवेपायी हैदराबादचा एक तरुण इंजिनिअर गेला. मग व्हॉट्सअ‍ॅपने भारतात फॉरवर्डवर मर्यादा घातली: एका वेळी पाचच ठिकाणी.

पाच म्हणजे किती थोडे! पण ‘ठिकाण’ म्हणजे ग्रुपही, आणि तेव्हा एका ग्रुपात 256 माणसं मावत. पाच गुणिले 256, म्हणजे 1280. गौलीगुड्याच्या 27 बस, ड्रायव्हर-कंडक्टरांसकट, अंगठ्याच्या एका दाबात मागे पडल्या. त्या 1280 जणांनी तेच केलं तर 16,38,400. आणखी एक टप्पा, की 209 कोटी 71 लाख 52 हजार. भारत संपला, तरी निरोप उरला. (ग्रुपांत तीच तीच माणसं असतात, त्यामुळे खरा आकडा बराच खाली येतो. मला एकच सुविचार रोज चार ग्रुपांतून येतो, तो त्यामुळेच.)

इतक्या पुराला चाळणी लावायला मुलांना शिकवायचं कसं? 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 3,446 अमेरिकी शाळकरी मुलांना एक व्हिडिओ दाखवला: मतपेट्यांत बोगस मतं कोंबली जाताहेत. दावा अमेरिकेचा, चित्रण रशियातलं. 52 टक्क्यांना तो अमेरिकेतल्या घोटाळ्याचा भक्कम पुरावा वाटला. मूळ चित्रण शोधून काढलं किती जणांनी? तिघांनी. हाताशी इंटरनेट असूनही.

व्यावसायिक पडताळणी करणारे काय करतात, ते त्याच विद्यापीठातल्या आधीच्या एका अभ्यासात दिसलं होतं. ते पान वाचत बसत नाहीत. काही क्षणांत ते सोडून दुसऱ्या खिडकीत शोधतात, की हे सांगणारा कोण आणि इतर त्याच्याबद्दल काय म्हणतात. विद्यार्थी मात्र पानाच्या देखणेपणावर आणि मोठ्या नावावर भाळले. मला वाटतं, ‘नीट लक्ष देऊन वाचा’ हा आपला जुना शालेय उपदेश इथे उलटा पडतो. आधी बाहेर पडा, मग वाचा.

गौलीगुड्याला लागूनच जांबागेत मराठी मंडळींनी उभारलेली, शंभरी ओलांडलेली शिक्षणसंस्था आहे. नाव विवेकवर्धिनी. तिथल्या आणि इतर शाळांतल्याही गणिताच्या शिक्षकांना एकच विनंती: पुढच्या घातांकाच्या तासाला 1280चा घन फळ्यावर मुलांकडूनच काढून घ्या.