नौकेवरच्या दोन बॅटऱ्या

हर्णै, मालवणच्या बाजूला इंजिनाच्या मच्छीमार नौका पुष्कळ आहेत. रात्री नौका नांगर टाकून उभी राहते. इंजिन बंद असते. पण दिवे, वायरलेस, मासे शोधायचे यंत्र चालूच. पहाटे वारा फिरतो, दर्या खवळतो. तांडेल चावी फिरवतो. नुसता 'कट्' असा आवाज! इंजिन उठत नाही. मदत मागावी, तर वायरलेसही मुका. आता कुणाला हाक मारायची?

दोष इंजिनाचा नाही. रात्रभरात दिव्यांनी बॅटरी संपवली.

म्हणून नौकेवर दोन बॅटऱ्या हव्यात. एक इंजिनाची, दुसरी दिव्यांची. शेतकरी बियाणं आणि खायचं धान्य एका कणगीत ठेवतो का? तसंच हे.

पण काहीजण दोन्ही बॅटऱ्या कायमच्या जोडून टाकतात. मग त्या दोन कसल्या? दोन पिंपे तळाशी नळीने जोडा. एकातले पाणी काढा, दुसऱ्यातलेही उतरते. त्यातून एक बॅटरी जुनी असली, तर ती नवीलाही खाली ओढते. अशा वेळी मोठी बॅटरी विकत घेणे म्हणजे पैसा पाण्यात.

डायनामो तर एकच. मग दोन बॅटऱ्या भरायच्या कशा? भरताना जोडायच्या, एरवी वेगळ्या ठेवायच्या. त्यासाठी फिरता स्विच मिळतो. त्यावर चार खुणा असतात : १, २, दोन्ही आणि बंद. इंजिनाची बॅटरी १ वर जोडा, दिव्यांची २ वर. इंजिन सुरू करताना स्विच १ वर ठेवा. सुरू झाले की 'दोन्ही'वर. इंजिन थांबवले की लगेच २ वर. हे शेवटचंच माणूस विसरतो! त्यासाठी आपोआप चालणारा रिलेही मिळतो. विजेचा दाब सुमारे १३.३ व्होल्ट झाला की तो बॅटऱ्या जोडतो. इंजिन थांबून दाब उतरला की तोडतो.

मात्र इंजिन चालू असताना स्विच 'बंद'वर नेऊ नका. डायनामोतले डायोड जळतात.

इंजिन सुरू करायला वीज जोरात लागते, पण काही क्षणच. ती थोड्या वेळात भरून निघते. दिव्यांचे तसे नाही. १०० ॲम्पिअर-तासांची बॅटरी घ्या. दिवे व यंत्रे मिळून ५ ॲम्पिअर घेत असतील, तर १० तासांत ती निम्मी होते. त्याखाली उतरवली तर तिचे आयुष्य घटते. भरताना आधी ती भराभर भरते, शेवटचा पाचवा हिस्सा मात्र काही तास घेतो. तासभर इंजिन चालवून तो भरत नाही. बंदरात आल्यावर चार्जर लावावा.

बॅटरीला काही तास विश्रांती देऊन व्होल्टमीटर लावा. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी.

भरताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तो पेट घेतो. तेव्हा जवळ विडी नको, आणि हवा खेळती हवी. बॅटरीत डिस्टिल्ड पाणीच घाला. समुद्राचे पाणी आत गेले तर क्लोरीन हा विषारी वायू निघतो. यासाठी बॅटऱ्यांची पेटी नौकेच्या तळात साचणाऱ्या पाण्यापासून उंच, घट्ट बांधून ठेवावी.