मुरमाचा रस्ता आणि माळावरचे ऊन

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी मी नेहमीच्या वॉर्डाऐवजी सुप्याजवळच्या माळावर, ताडपत्रीच्या मांडवाखाली बसले होते. समोर टेबलावर रक्तदाबाचे यंत्र, सलाईनच्या बाटल्या, दोन शीतपेट्या भरून बर्फ आणि ओआरएसची पाकिटे. निमित्त होते सायकल फेरीचे. अंतर ऐंशी किलोमीटर, त्यातला बहुतेक रस्ता डांबराचा नव्हे तर मुरमाचा. प्रवेश शुल्क आणि देणग्यांतून जमणारा पैसा परिसरातील गवताळ माळ राखण्यासाठी जाणार होता. डॉक्टर हवा म्हणून मला बोलावले. सायकल मला चालवता येते, पण गुडघे आता परवानगी देत नाहीत.

अशा फेऱ्यांसाठी वेगळी सायकल मिळते, तिला ग्रॅव्हल बाइक म्हणतात. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे वाकडे, पण टायर चांगले चाळीस मिलिमीटर रुंद. हा प्रकार रुजला तो मुख्यतः अमेरिकेत. कॅन्सस राज्यातील एम्पोरिया गावातून २००६ मध्ये ३४ जण खडीच्या रस्त्याने दोनशे मैलांच्या शर्यतीला निघाले. ती शर्यत आज ‘अनबाउंड ग्रॅव्हल’ नावाने ओळखली जाते आणि तिला जगभरातून लोक येतात. ती जाते फ्लिंट हिल्समधून. एके काळी उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी पसरलेल्या उंच गवताच्या कुरणांपैकी चार टक्क्यांहून कमी आता शिल्लक आहेत आणि त्यांतला मोठा भाग याच टेकड्यांवर आहे. कारण साधे आहे. मातीचा थर पातळ आणि खाली चकमकीचा दगड, त्यामुळे तिथे नांगर चालला नाही.

आपल्या माळांची गोष्ट फार वेगळी नाही. दख्खनच्या पठारावर पर्जन्यछायेतली ही जमीन मुरमाड, उथळ. कुसळी, पवना, मारवेल ही गवते तिथे टिकतात आणि त्यांच्या आधाराने चिंकारा, लांडगा, खोकड, धाविक. सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे आहे. चिंकारा मात्र ती हद्द कशाला पाळेल? बाहेरच्या माळाला कागदोपत्री ‘पडीक’ म्हणतात आणि एकदा पडीक म्हटले की तिथे काहीही करायला सगळे मोकळे. वर्षानुवर्षे चांगल्या हेतूने अशा माळांवर गिरिपुष्पाची रोपे लावली गेली. झाड दिसले की आपल्याला हिरवळ वाटते. माळावरच्या पक्ष्याला तो अडथळा असतो. नान्नजचा माळढोक आपण कसा गमावत आलो, हे सोलापूरकरांना सांगायला नको.

आता डॉक्टरकीकडे येते. सकाळी दहापर्यंत माझ्याकडे आले ते खरचटलेले कोपर आणि बधिर बोटे. करंगळी आणि अनामिका बधिर होणे ही मुरमाच्या रस्त्याची ठरलेली तक्रार. हँडलच्या हादऱ्यांनी तळव्याच्या करंगळीकडच्या भागात अल्नर नस दाबली जाते. टायरमधली हवा थोडी कमी ठेवा, हात दर काही मिनिटांनी वेगळ्या जागी धरा. दोन-चार दिवसांत बोटे पूर्ववत झाली नाहीत किंवा पकड ढिली झाली, तर मात्र दाखवायला या.

पावणेबाराला वाकीटॉकीवर निरोप आला, एक स्वार चढावर पडला आहे. मांडवापासून अंतर दीड किलोमीटर. पोहोचले तेव्हा ते गृहस्थ, वय सत्तेचाळीस, बँकेत अधिकारी, रस्त्याकडेला बसून सोबत्यांना शिव्या देत होते. सोबती म्हणाले, ‘‘मॅडम, हे असं कधीच बोलत नाहीत.’’ ते वाक्य ऐकूनच मी घाईला लागले. उन्हात श्रम करणारा माणूस विचित्र वागू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात समजायचा. घाम येतोय की नाही, याची वाट पाहायची नाही. श्रमाच्या उष्माघातात घाम अनेकदा भरपूर येत असतो. गुदमार्गाने तापमान घेतले : ४०.८ अंश सेल्सिअस. कपाळावर धरायचे यंत्र आदल्या स्वयंसेवकाने लावले होते, त्यावर ३८ दिसत होते. ओल्या, वारा लागलेल्या कातडीवर ते यंत्र विश्वासाचे नाही.

रुग्णवाहिका निघाली होती, पण रुग्णालय चाळीस मिनिटांवर. अशा वेळी नियम एकच, आधी थंड करा, मग हलवा. मेंदू, यकृत, मूत्रपिंड यांचे नुकसान तापमान किती चढले यापेक्षा ते किती वेळ चढलेले राहिले यावर जास्त अवलंबून असते. कोसळल्यापासून अर्ध्या तासात ते उतरवायला हवे. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, उलट यकृतावर भार. हवे ते भरपूर थंड पाणी. तेवढे पाणी आणायचे कुठून?

शंभर पावलांवर धनगरांचा वाडा होता. तरणी माणसे मेंढरे घेऊन कोकणात उतरलेली. मागे एक आजी, तिचा नातू आणि पंधरा-वीस मेंढ्या. आजींनी एकदा त्यांच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘बाई, बघत काय बसलाय, हौदात घाला त्याला. मेंढरू उन्हानं पडलं की आम्ही पाणीच वततो.’’ मेंढ्यांच्या पाण्याच्या सिमेंटच्या हौदात आम्ही त्यांना गळ्यापर्यंत बसवले, दोन्ही शीतपेट्यांतला बर्फ ओतला, काखेखालून धरून ठेवले आणि नातू डोक्यावर ओले फडके बदलत राहिला. विसाव्या मिनिटाला तापमान ३९च्या खाली आले. ते म्हणाले, ‘‘माझी सायकल कुठे आहे?’’ तेव्हा मी बसले.

त्या दिवशी पारा पस्तीसच्या आसपास होता, म्हणजे आपल्याकडे काही विशेष नाही. मग हेच का पडले? एक, उन्हाळ्याचा तो पहिलाच तापलेला आठवडा होता; शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. दोन, चढावर मुरमात वेग ताशी आठ-दहा किलोमीटरवर येतो. सायकलस्वाराला थंड ठेवतो तो अंगावर येणारा वारा आणि वारा पाठीमागून तेवढ्याच वेगाने येत असेल, तर अंगाला तो लागतच नाही. तीन, आणि हे त्यांनी नंतर सांगितले, आदल्या दिवशी अंगात कणकण होती आणि सकाळी त्यांनी सर्दीची गोळी घेतली होती. जुन्या धाटणीच्या अनेक सर्दीच्या गोळ्या घाम कमी करतात. ‘‘पैसे भरले होते, चांगल्या कामाचे होते, कसं सोडायचं?’’ हे त्यांचे म्हणणे. देणगी देऊन घरी झोपता येते, हे आयोजकांनी अर्जावरच छापायला हवे, असे मी त्यांना कळवले आहे.

पाण्याबद्दलही एक सांगायला हवे, कारण ‘प्यायला हवं तेवढं पाजा’ हा सल्ला मांडवात प्रत्येक जण देत होता. तासन्‌तास श्रम करताना तहानेपेक्षा खूप जास्त पाणी प्यायले, तर रक्तातील सोडियम पातळ होते. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्क्यांत ते कमी आढळले. ज्यांचे वजन धावताना वाढले होते, त्यांना धोका अधिक होता. डोके दुखणे, मळमळ, गोंधळ ही लक्षणे उष्माघाताशी मिळतीजुळती असतात, म्हणून तापमान मोजल्याशिवाय आणखी पाणी पाजू नये. निरोगी माणसाने तहान लागेल तसे प्यावे, लांबच्या फेरीत सोबत मीठ असलेले काहीतरी खावे.

आजींशी नंतर बोलणे झाले. जमलेल्या पैशांतून गिरिपुष्प काढून गवताचे बी पेरायचे आणि काही एकरांना दोन वर्षे कुंपण घालायचे, असा बेत आहे. आजींना गवत नको आहे असे नाही. ‘‘जूनला आमची मेंढरं माघारी येत्यात. ती कुठं चरायची, ते कुणी इचारलं नाही,’’ एवढेच त्या म्हणाल्या. मेंढ्यांच्या मर्यादित चराईने माळ मरत नाही, मोकळा राहतो; लांडगासुद्धा इथे मेंढ्यांच्या आगेमागेच जगत आलाय. हा माझा विषय नाही, तरी मांडव आवरताना मी आयोजकांपैकी दोघांना त्यांच्या ओट्यावर नेऊन बसवले. कुंपण कुठून कुठपर्यंत, हे पुन्हा ठरवायचे कबूल झाले आहे. अजून ठरलेले नाही.

बँकेतले गृहस्थ दोन दिवसांनी घरी गेले. यकृताच्या तपासण्या पहिल्या आठवड्यात बिघडलेल्या होत्या, तिसऱ्यात ठीक आल्या. पुढच्या वर्षी पुन्हा यायचे म्हणतात. मी चाळीस किलोमीटरच्या गटाला, तेही सकाळी नऊच्या आत संपत असेल तर, होकार दिला आहे. हौदाचे मात्र त्या संध्याकाळी वेगळेच झाले. पाण्यावर सनस्क्रीनचा तवंग आला होता आणि मेंढ्यांनी त्याला तोंड लावले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आयोजकांनी हौद घासून घेतला आणि टँकर पाठवला.